दोनच बोटं टेकली

तुमसरला माझं गॅरेज होतं, तेव्हा गाड्यांना पॉलिश करणारा एक कारागीर माझ्याकडे होता. मशीनला पॉलिशची कोणती गोल लोकरी गादी लावायची हे तो पट्टीनं मोजत नसे. पत्र्यावर पंजा ठेवून डोळे मिटायचा. "पुरा पंजा टेकला त मोठी गादी, दोनच बोटं टेकले त लहान."

मी चिडवायचो, "गाडीची नाडी पाहून राहिला का रे?"

"मशीनचा ताप कोठी चढते ते पाहून राहिलो, मालक."

एका सकाळी तो चहाला गेला असताना राईसमिलवाल्या शेठच्या अँबेसेडरवर मीच घाईनं मशीन चालवलं. बॉनेटच्या निमुळत्या कडेलाही मोठीच गादी फिरवली. रंग जळून खालचं अस्तर दिसू लागलं. तो परतला आणि मागोमाग शेठ आले.

"कोनं केलं हे?" शेठनी विचारलं.

मी मशीनची वायर गुंडाळू लागलो. कारागीर म्हणाला, "माह्या हातानं झालं जी."

पुढे गावात त्याच्या हाती कोणी गाडी देईना, तरी मी खरं सांगितलं नाही. ते आज लिहितो आहे.

त्या दिवशी शेठ गेल्यावर तो मला बॉनेटपाशी घेऊन गेला. त्यानं माझा पंजा धरून त्या जळलेल्या कडेवर ठेवला. दोनच बोटं टेकली.