कापलेल्या कोपऱ्यांच्या लग्नपत्रिका

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा उकळेपर्यंत ऐका. माझ्या लग्नाच्या पत्रिका मी स्वतःच्या हातांनी केल्या होत्या, आणि त्यापायी ते लग्न मोडता मोडता वाचलं!

मुरबाडकडच्या एका खेड्यात मी मास्तर होतो. हस्तकलेच्या ट्रेनिंगमध्ये पहिलं बक्षीस मिळवून नुकताच परतलेलो. टाकाऊतून टिकाऊ हा माझा मंत्र. कागदाचा कपटा दिसला की हात शिवशिवायचे. मुंबईची एक केशतेलवाली कंपनी मुलांना वाटायला म्हणून जाहिरातीच्या जाड कार्डांचे गठ्ठे शाळेला टपालाने पाठवायची. आता गुरं वळणाऱ्या पोरांना केशतेल कशाला? गठ्ठे कपाटात पडून होते.

माझं लग्न ठरलं. मुलगी किन्हवलीची, इंदू. म्हटलं, छापील पत्रिका तर कुणीही पाठवतो! मी कार्डांच्या कोऱ्या बाजूला वळणदार अक्षरात मजकूर लिहिला, कडेला रंगीत कागदाची फुलं डकवली. छापील बाजूवर पत्त्यासाठी पांढरा कागद चिकटवला. झकास! पण जाहिरातीतल्या टकल्या माणसाचं डोकं वरच्या कोपऱ्यात त्या कागदातूनही डोकावत होतं. लग्नपत्रिकेवर टकल्या? मी कात्री घेतली आणि साठच्या साठ कार्डांचा तो कोपरा उडवला.

आईने हटकलं. "कोपरा नको रे कापू. मयताच्या कार्डाला कोपरा नसतो."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. कुणी गेलं की कोपरा फाडलेलं कार्ड पाठवायचं, आणि ज्याला मिळेल त्याने ते उंबऱ्याबाहेरच फाडून अंघोळ करायची, ही आमच्याकडची रीतच. पण मी आईला समजावलं की तो कोपरा फाडलेला असतो, हा कात्रीने कापलेला आहे. हा फरक अख्ख्या पंचक्रोशीत एकट्या मलाच कळत होता.

पत्रिका टपालात टाकल्या, आणि तिसऱ्या दिवशी म्हसा गावाहून आत्या आली. वेशीपासूनच तिचा हंबरडा ऐकू येत होता, "माझा दादा गेला गो!" तिचा दादा म्हणजे माझे वडील, आबा. ते ओटीवर चहा पीत होते. कोण गेलं ते बघायला तेच पुढे झाले. आत्या आधी मटकन बसली, मग तिने त्यांना मिठी मारली आणि मग मला शिव्या घातल्या. पत्र वाचून का घेतलं नाही, असं विचारलं, तर म्हणाली, "कोपरा नसलेलं कार्ड कोण वाचीत बसतो? कुठनं आलं तेवढं इचारलं नि फाडलं."

संध्याकाळपर्यंत चाळीस माणसं येऊन गेली. आपण जिवंत आहोत हे सांगून सांगून आबांचा घसा बसला.

मग किन्हवलीहून सासरे आले. आबांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडेच टक लावून बघत राहिले, दंड चाचपून पाहिला. मला वाटलं, जावई नव्याने पसंत पडला! तर ते खाली बसून म्हणाले, "मास्तर, तुमचं कार्ड आलं नि घरात रडारड झाली. असल्या अपशकुनावर आमी पोर द्यायची नाय."

इंदूला मी एकदाच पाहिलं होतं, पण तेवढ्यात ती मनात भरली होती. दुसरी मुलगी मला नकोच होती.

आबाच धावून आले. "मरणाची खोटी बातमी उठली का आयुष्य वाढतं, पाव्हणे. आमच्या पोराने ती साठ घरांत उठवली. आता आमच्यात कोण लवकर मरत नाय."

सासऱ्यांनी आता कुठे आबांकडे बघितलं. मग हसले. लग्न कायम राहिलं. अट एकच, आमंत्रणं तोंडी जातील आणि मास्तरांनी कागदाला हात लावायचा नाही.

लग्न झालं. निम्मे पाहुणे "आत्ताच तर येऊन गेलो" म्हणून आलेच नाहीत, ते सोडा. आठवड्याने मी इंदूला विचारलं, निदान तू तरी माझी पत्रिका वाचलीस का? अक्षराचं कौतुक ऐकायचं होतं, दुसरं काय!

"वाचली ना," ती म्हणाली. "बाबा फाडत होते, त्यांच्या हातातनं घेतली. तुमचं शिक्षण, ट्रेनिंग, पहिलं बक्षीस, सगळं होतं. वरचं 'शुभविवाह' कोपऱ्यासंगं गेलेलं, नि माझं नाव तर तुमी कुठंच लिवलं नव्हतं. मला वाटलं, मास्तर गेले, नि लोकांनी मागं त्यांचे गुण लिवलेत. खाली तारीख होती, ती मी तेराव्याची धरली."