खंडेनवमीच्या आधी इंजिन यायला हवं

मला वाट बघता येत नाही. हा दोष जन्माचा. चहाला आधण ठेवलं की ते उकळेपर्यंत मी चुलीपाशी तीनदा जाऊन येतो, आणि पत्र पेटीत टाकून घरी परततानाच मला त्याच्या उत्तराची घाई सुटलेली असते. अशा माणसानं एका खेळण्यातल्या इंजिनासाठी तीन महिने कसे काढले, ते माझं मलाच माहीत.

निजामाच्या राजवटीतली शेवटची वर्षं होती. मी नांदेडच्या सरकारी शाळेत मास्तर होतो आणि आमचे आबा, म्हणजे वडील, नांदेडच्या रेल्वे यार्डात शंटर. मेलगाडीचा ड्रायव्हर मुलूख हिंडतो, लोक त्याला रामराम घालतात. शंटर मात्र जन्मभर त्याच अर्ध्या कोसात मागं-पुढं करत राहतो. इकडचा डबा तिकडं, तिकडचा इकडं. त्यांचं इंजिनही तसंच होतं. मोठ्या इंजिनाच्या मागं कोळशापाण्याची वेगळी गाडी असते, ह्याला ती नव्हती. पाण्याच्या दोन टाक्या दोन्ही बगलांना लटकवून ते हिंडायचं. यार्डातले लोक त्याला बुटकी म्हणत. आबा नुसतं 'ती' म्हणायचे, आणि घरात 'ती' म्हटलं की आई नव्हे, इंजिन, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आबांना एकाच गोष्टीचा गर्व होता. डबा डब्याला असा टेकवायचा, की गार्डाच्या बशीतला चहा हिंदकळू नये. टेकवायचा, हाणायचा नाही. हे एक वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

आणि ह्याच माणसाचा मी मुलगा, ज्याच्यानं इंजिनांच्या शेडमध्ये एक दिवस निघाला नाही. आबांनी फोरमनच्या हातापाया पडून मला कामाला लावलं होतं. दुपारपर्यंत मी काजळी खरवडली, दुपारी घरी आलो, आणि सांगून टाकलं की मी मास्तरकीचा अर्ज केलाय. तेव्हा शेडमधली चार माणसं आमच्या ओट्यावर बसलेली. त्यांच्यासमोर आबांनी माझा हात उचलून धरला न् म्हणाले, "बघा, खडू धरायची बोटं. इंजिन ह्या हाताला लागायचं न्हाई." हात सोडला, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं.

दोन वर्षं. एका घरात. त्याला म्हणावं पाणी तापलंय. त्याला म्हणावं कंदील आत घे. मी समोर बसलेला, आणि निरोप आईच्या हाती. दसऱ्याला मी आपट्याची पानं द्यायला वाकायचो, तर घ्यायचे, डोक्यावर हातही ठेवायचे, पण तोंडाला कुलूप. मीही कुठं कमी होतो? मीही आईलाच सांगायचो, त्यांना म्हण. बिचारी आमच्या दोघांत येरझारा घालून थकून गेली होती.

त्या वर्षी ज्येष्ठात आबांना वजिफा, म्हणजे पेन्शन, लागली. यार्डाचं क्वार्टर सोडून आम्ही जवळच भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. जवळ म्हणजे फारच जवळ. यार्डातला प्रत्येक आवाज घरात ऐकू यायचा. बुटकीवर आता नवा माणूस होता, आणि त्याचा हात जड. डब्यांची धडधड ऐकू आली की आबा जेवता जेवता थांबायचे. "हाणली," एवढंच म्हणायचे आणि पुढचा घास घ्यायचे. दिवसातून वीसदा हाणली. मला ते ऐकवेना.

श्रावणात एकदा आई म्हणाली की आबा खंडेनवमीला कंधारला आत्याकडं निघालेत. मला कारण लगेच कळलं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. सुतार करवत पूजतो, घड्याळं दुरुस्त करणारा घडीसाज पेचकस पूजतो, आणि आबांनी इतकी वर्षं बुटकी पूजली होती. पहाटे तिला धुवायची, तेलानं पुसायची, शेंदुरानं स्वस्तिक काढायचं, आणि उन्हं चढली की चाकाखाली लिंबू ठेवून पहिली शिट्टी द्यायची. औंदा ती पूजा जड हाताचा तो माणूस करणार, आणि तिची शिट्टी घरात ऐकू येणार. म्हणून आबा गाव सोडून पळून निघाले होते. जन्मात कुणापुढं न वाकलेला माणूस एका शिट्टीला भिऊन पळतोय, हे मला सहन होईना.

उपाय माझ्याकडं होता. शाळेला मुंबईच्या एका दुकानाचं सूचीपत्र यायचं, नकाशे, भिंगं, तराजू असल्या सामानाचं. त्याच्या शेवटच्या पानावर खेळणी, आणि त्यात आषाढात मला बुटकी दिसली. हुबेहूब! बगलेला टाक्या, आखूड धुराडं, बोडकी पाठ. खाली लिहिलं होतं: शंटिंगचं टाकीचं इंजिन, नवा नमुना, चावीचं, पूर्ण तयार, डब्यातून काढा आणि चालवा. लवकरच येत आहे. त्या 'लवकरच'नं माझा जीव घेतला. मी पैसे त्याच दिवशी पाठवले होते. नंतर आईकडून कंधारचं कळलं आणि नुसती हौस होती तिथं मुदत आली. आबांना घरीच पूजा मांडता यावी, म्हणून इंजिन खंडेनवमीच्या आधी घरात पाहिजे.

आता ह्यात मी एक शहाणपणा केला होता. मुंबईहून नांदेडला सरळ रेल्वे. पार्सल आमच्या दारात येऊन पडलं असतं. पण नांदेडच्या स्टेशनावर आबांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. पार्सलबाबूनं तासाभरात घरी येऊन सांगितलं असतं. म्हणून मी पत्ता दिला लातूरचा, माझ्या दाजींचा. थोरल्या बहिणीचे यजमान, अडत दुकानात मुनीम, मुंबईशी रोजचा व्यवहार. छोट्या रुळांच्या गाडीनं पार्सल लातूरला येईल, करोडगिरीची, म्हणजे निजामाच्या नाक्यावरची, जकात ते भरतील, आणि मोटारीनं नांदेडला पाठवतील. कागदावर किती सोपं होतं!

श्रावण गेला. सूचीपत्राचं ते पान मी घडी घालून खिशात बाळगत होतो. घडीवर ते फाटलं, नेमकं धुराड्यापाशी. मुंबईहून कार्ड आलं, जहाजाला उशीर आहे. गणपती बसले, उठले. दाजींना मी आठवड्याला दोन पत्रं टाकी. उत्तर एकच आलं, 'काळजी नसावी'. ही असली पत्रं लिहिणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. काळजी नसावी म्हणे! शाळेत मी पोरांवर विनाकारण खेकसायचो, फळ्यावर खडू मोडायचो, आणि टपालवाला तर मला बघून गल्ली बदलायला लागला. आबा आईला म्हणाले, "ह्याला काय झालंय विचार. पायाला भिंगरी लागल्यावानी फिरून राहिलाय."

पितृपंधरवडा सरला, घट बसले, तरी पत्ता नाही. षष्ठीला मी हेडमास्तरांपुढं अर्जी ठेवली, खास उर्दूत, की हमशीरा की तबीयत नासाज है, दोन दिवसांची रुखसत मिळावी. बहीण ठणठणीत होती. सप्तमीला पहाटेच्या मोटारीत बसलो. लोहा, अहमदपूर, चाकूर. मोटार दर गावाला थांबे, ड्रायव्हर उतरून बिडी ओढे, आणि मी आत बसून दातओठ खाई. लातूरला पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता.

बहिणीनं पाणी दिलं, ते हातात धरूनच मी विचारलं, पार्सल? ती म्हणाली, आलंय की, कधीचंच. कधीचं म्हणजे? तर पितरांच्या पंधरवड्यात आलं होतं. आणि त्या पंधरा दिवसांत घरात नवी वस्तू, त्यातून लोखंडाची, येऊ द्यायची नाही, हा तिच्या सासूबाईंचा नेम. दाजींनी जकात भरून पार्सल सोडवलं, आणि उंबरठ्याआत आणायचं नाही म्हणून दुकानाच्या वखारीत गोण्यांच्या थप्पीवर ठेवलं. घट बसल्यावर नव्या मालाची गर्दी झाली, राहिलं. दाजी मानेवरचा घाम पुशीत शांतपणे म्हणाले की दसऱ्याला ते नांदेडला येणारच होते, तेव्हा आणलंच असतं. दसऱ्याला! खंडेनवमी दसऱ्याच्या आदल्या दिवशी असते हे एवढ्या मोठ्या मुनिमाला मी काय सांगू? जिभेवर बरंच काही आलं होतं, पण बहिणीचं तोंड बघून गिळलं.

दुसऱ्या दिवशी, अष्टमीला, मी खोका मांडीवर घेऊन मोटारीत बसलो. उघडला नाही. एवढा उतावळा मी, पण उघडला नाही. तो उघडायचा हक्क आबांचा होता.

खंडेनवमीला सकाळी आबांची पिशवी दाराशी तयार होती. धोतरजोडी, तांब्या, आत्याकरता बत्तासे. मी खोका त्यांच्यापुढं ठेवला आणि सवयीनं आईलाच म्हणालो, त्यांना म्हण उघडा.

त्यांनी सुतळी सोडली, पेंढा बाजूला केला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांनी इंजिन उचललं, उलटं केलं, चाकं मोजली, टाकीवरून अंगठा फिरवला. मग आईला विचारलं, हिला पेटवायचं कुठून? मी आईला म्हणालो, पेटवायचं नाही, तयार आहे म्हणावं, नुसती चावी द्यायची. आबांनी मान हलवली. "तयार इंजिन कुठं असतंय?" ते आईला म्हणाले. "चार तास आधी पेटवावं लागतं तवा ते हलतं." पण त्यांनी पिशवी दारापासून जरा आत सरकवली, हे मी बघितलं. मी झेंडूची फुलं आणायला बाजारात पळालो. पळालोच, चालवेना.

परत आलो तर आबा अंघोळ करून ओसरीवर बसले होते आणि पूजा झाली होती. साग्रसंगीत. इंजिनाला त्यांनी तांब्याभर पाण्यानं धुतलं होतं. मग यार्डातून आणलेल्या जुन्या नळीच्या तेलबुधल्यातून सांध्यासांध्यात तेल सोडलं होतं, जाडजूड, काळं, बुटकीला घालायचे तेच. चावीच्या भोकातही. वरून तेलात कालवलेला शेंदूर, त्याचे ओघळ थेट चाकांच्या आत. नारळाचं पाणी. चाकापुढं लिंबू. तोंडावर असं समाधान, की तसं मी ज्येष्ठापासून बघितलं नव्हतं.

मी चावी दिली. आत कर्र झालं. पुन्हा दिली. इंजिन तसूभरही हललं नाही, चावीच्या भोकातून तेवढा शेंदरी बुडबुडा आला.

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते आज सांगायलाही लाज वाटते. तीन महिने, मुंबई, लातूर, ते पितर, ते जहाज, सगळं आबांच्या अंगावर ओतलं. खेळणं आहे ते, त्याला कुणी तेल पाजतं का, तुम्हाला काही कळतं का! आईनं माझा दंड धरला, तरी थांबेना. आणि शेवटी, कसं कोण जाणे, तोंडातून निघालं:

"तुमच्यासाठीच आणलं होतं, आबा. तुम्ही माझ्याशी बोलावं म्हणून आणलं होतं."

यार्डातून त्याच वेळी बुटकीची शिट्टी आली. लांबलचक. आबांनी तिकडं मान वळवली नाही. ते माझ्याकडं बघत होते, सरळ, दोन वर्षांत पहिल्यांदा.

ते उठले. मला वाटलं, पिशवी उचलून निघाले. ते आत गेले आणि बशीत घासलेट, कबुतराचं एक पीस आणि कधीतरी घडीसाजाकडून आणलेला जुना पेचकस घेऊन आले. पंचा अंथरून इंजिन त्यावर उलटं ठेवलं. पोटाच्या पत्र्याला चार पेच होते, मोहरीएवढे. आबांनी पेचकस लावला, निसटला. पुन्हा लावला, पुन्हा निसटला. जन्मभर कोळसा आणि तरफा हाताळलेली ती बोटं, त्यांच्यात तो पेच सापडेचना. तीनचारदा झालं. मग त्यांनी पेचकस माझ्यापुढं धरला.

"तुजी बोटं बारीक हायेत," ते म्हणाले. "पेच तू काढ."

मी खाली बसलो. पेचकस घेतला आणि घाईनं असा रेटला की तो पेचावरून घसरला. आबांनी माझं मनगट धरलं, ओट्यावर चार माणसांपुढं धरलं होतं तेच.

"घाई करू नको," ते म्हणाले. "चार तास लागतातच."

आईनं दारातली कंधारची पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली.