पलंग नव्हे, विमान!

चार माणसं एखादं काम करायला जमली की बहुतेक वेळा काम मागे राहतं आणि किस्से पुढे जातात. आमचं जरा वेगळं झालं. काम पुरं झालं, आणि किस्से इतके साठले की अजून सरत नाहीत.

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या धामधुमीच्या वर्षांत आम्ही परळमध्ये विमान बांधलं. कागदाचं नाही हो, दोन माणसं बसतील असं खरंखुरं, लाकडाचं आणि कापडाचं. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, “उडालं का?”

उडालं! जुहूला चार वेळा उडालं. पण आकाशात किस्से घडत नाहीत. वर गेलेला माणूस गुपचूप खाली येतो. जे काही घडतं ते जमिनीवर, आणि तेही परवानगी मागायला गेलं की!

आम्ही म्हणजे तिघं. पहिले मास्तर, तुकाराम पेडणेकर. शाळेत त्यांनी एक दिवस शिकवलं नव्हतं. ते गिरणीत फिटर होते. युद्धाच्या काळात विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यात त्यांनी चार वर्षं पंख बसवले, आणि चार वर्षांत त्यांना एकदाही विमानात बसू दिलं नाही. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात: आपण बांधायचं आणि आपण बसायचं. चालवायला फ्लाइंग क्लबातला एक पायलट तयार होता. म्हणाला, “सरकारी सही आणा, मी घेऊन जातो.” दुसरा सखाराम कांबळे, फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी साचे करायचा. तिसरा मी, जोशी, गिरगावातला ड्राफ्ट्समन. नकाशे माझे, आणि भीतीसुद्धा सगळी माझीच.

* * *

लाकूड चिकटवायला विमानाचा खास सरस लागतो. तो विलायतेहून यायचा, म्हणजे आम्हांला मिळायचा नाही. मास्तरांना कारखान्यातली युक्ती ठाऊक होती. दूध फाडायचं, चोथा सुकवून दळायचा आणि त्यात चुना घालायचा. असा सरस धरतो की लाकूड तुटेल, पण सांधा सुटणार नाही.

पण दूध आणायचं कुठून? मास्तरांनी लालबागच्या आपल्या चाळीत दवंडी पिटली. ज्याचं दूध नासेल त्याने ओतायचं नाही, हाक मारायची. झालं! जगात दूध नासलं की बायका कपाळाला हात लावतात, तिथे गॅलरीतून आनंदाने ओरडायच्या, “मास्तर, नासलां हो!” की मास्तर पातेलं घेऊन पळत सुटायचे.

पार्वतीकाकींचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, मात्र संताप संताप. “इमान उडात तेव्हा उडात,” त्या एकदा कडाडल्या, “माझा पातेला खंय हा तां आधी सांगा!”

पातेलं कांबळेकडे होतं. त्यात सरस असा काही बसला होता की शेवटी छिन्नी लावावी लागली. पातेलं फुटलं, सरस शाबूत! मास्तरांनी फुटका तुकडा नेऊन काकींना दाखवला आणि अभिमानाने म्हणाले, “बघ. पास झालो!”

* * *

सुरुवातीला आम्ही गिरगावातल्या एका वाडीच्या हॉलमध्ये काम करत होतो. वाडीचे सेक्रेटरी देवमाणूस, असं आम्हांला वाटायचं. पंखाचा सांगाडा तयार झाला त्या आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेतलं. “काम चालू द्या. फक्त तुमच्या त्या कांबळ्यांना सांगा, हॉलमधल्या माठाला हात लावू नका. लोक बोलतात.”

कांबळेने त्याच सुमारास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्याला हे कसं सांगायचं, या विचाराने मी घामाघूम झालो. मास्तरांना मात्र विचार करावा लागला नाही. ते सेक्रेटरींसमोर माठापाशी गेले, पेला भरला आणि कांबळेच्या हातात दिला. तो प्यायला. मग मास्तर म्हणाले, “उचला पंख.”

उचलला! सोळा फुटी सांगाडा खांद्यावर घेऊन आम्ही गिरगावातून परळला निघालो, कांबळेच्या चाळीकडे. तिच्या पटांगणात पत्र्याची शेड होती. वाटेत चार पोरं मदतीला आली. मग कोणी तरी विचारलं, “कसला मोर्चा?” आणि उत्तराची वाट न पाहता आरोळी ठोकली, “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!” भायखळ्याला पोचेपर्यंत आमच्यामागे दोनेकशे माणूस! पंख कशाचा आहे हे कोणाला ठाऊक नाही, पण खांदा द्यायला रांग.

सगळ्यांत पुढे कांबळे होता. त्याने मागे वळून ती गर्दी बघितली आणि मला म्हणाला, “जोशी, घोटभर पाणी प्यालो रे फक्त!”

* * *

विमानाच्या शेपटीला काकींनी कापड शिवलं. ते ताणून बसावं म्हणून त्यावर एक खास रोगण लावतात. त्याला पिकल्या केळ्यांसारखा वास येतो, आणि तो वास आठ-आठ दिवस जात नाही. दिवस धरपकडीचे. कोणी तरी चौकीवर कळवलं की शेडमध्ये स्फोटक पदार्थ आहेत.

भरदुपारी हवालदार आले. त्यांनी सगळं हुंगलं, ठोकलं, आणि पंचनामा लिहायला बसले. सांगाडा बघून बराच विचार केला आणि लिहिलं, “लाकडी पलंग, मोठा, अपूर्ण, एक.”

मी सुटकेचा श्वास सोडला. पलंगासाठी कोणी कोणाला आत टाकत नाही. पण मालक म्हणून सही करायला मास्तर पुढे झाले आणि त्यांनी ते वाचलं.

“पलंग नाय हा. विमान लिवा.”

मी त्यांचा सदरा ओढला. हवालदारांनाही दया आली असावी. “अहो, विमान लिहिलं तर तुम्हांला चौकीवर न्यावं लागेल.”

“मग न्या. पण विमान लिवा!”

नेलं! संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. सुटून आले ते हसतच. मी जाम भडकलो होतो. विचारलं, “काय मिळवलंत?” त्यांनी खिशातून पंचनाम्याची नक्कल काढली. “सरकारी कागदावर पयल्यांदा विमान म्हणून नाव लागला, जोशी. जपून ठेव.”

ती नक्कल अजून माझ्याकडे आहे.

* * *

आता सहीचं. हवाई खात्याच्या फॉर्मवर पत्त्यात एक रकाना होता: राज्य. तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्य नकाशावर नव्हतं. आम्ही राहत होतो मुंबई राज्यात; महाराष्ट्र व्हावा म्हणून तर रस्त्यावर रक्त सांडलं होतं. मास्तरांनी ठळक अक्षरात लिहिलं, “महाराष्ट्र.”

फॉर्म परत आला. निळ्या पेन्सिलीने शेरा होता, “असे राज्य अस्तित्वात नाही.”

मास्तरांनी त्याखाली लिहून तोच फॉर्म पुन्हा पाठवला, “विमानही अजून अस्तित्वात नाही. दोन्ही बांधत आहोत.”

असा तो तीनदा गेला आणि तीनदा आला. मास्तरांची पन्नाशी उलटली होती, छातीत कापूस बसून खोकला लागला होता. एका शब्दापायी हा माणूस विमानात न बसताच जाणार, या विचाराने मला रडू यायचं. शेवटी मी त्यांना न सांगता दुसरा फॉर्म भरला, “मुंबई राज्य” लिहून, आणि खिशात ठेवला. भित्रा म्हणा, काय हवं ते म्हणा!

* * *

चौथ्या खेपेला फॉर्मऐवजी माणूस आला. खात्याचे तपासनीस आजगावकर साहेब. राहायला शिवाजी पार्कला, कपड्यांना कडक इस्त्री. म्हणाले, “आधी पंखाची भारचाचणी द्या, मग कागदाचं बघू.”

उडताना हवा पंखाला खालून उचलते. म्हणून चाचणीत पंख उलटा ठेवून मुळाशी घट्ट बांधायचा, टोक मोकळं सोडायचं आणि वरून वाळूची पोती रचायची. तीन मिनिटं टिकला तर पास. पण पोती कुठली? भागातली झाडून सगळी पोती पोलिसांनी नाक्यानाक्यावर रचलेली. मास्तर चौकीवर मागायला गेले, तर तेच हवालदार! “कशाला हवीत? पलंगाला?”

मास्तर परत आले आणि म्हणाले, “पोती नाय तर नाय. माणसां आसत.”

लालबागहून मास्तरांची चाळ आली, परळची कांबळेची चाळ होतीच. रेशनच्या काट्यावर मी एकेकाचं वजन करून मोठ्याने सांगत होतो. “एकशे अडतीस रत्तल!” म्हटल्यावर एक बाई म्हणाल्या, “भावजी, जरा हळू!” पंखावर फळ्या टाकल्या. जाडी माणसं मुळाशी, किडकिडीत टोकाला, अशी पंधरा बसली. सोळाव्या काकी. चढताना म्हणाल्या, “ह्या पंखात माझ्या घराचा दूध गेलाहा. मोडलो तर माझ्याखालीच मोडांदे!”

साहेबांनी पट्टीने मोकळ्या टोकाची उंची मोजून घेतली आणि घड्याळ लावलं. एक मिनिट. दोन मिनिटं. आणि कट्कन आवाज आला!

कोणी हललं नाही. कांबळेने पंखाला कान लावला, मग खाली वाकला. “लाकूड माझं गप हाय. खालचा घोडा डुगडुगतोय.” घोडा म्हणजे पंख ज्यावर बांधला होता ते तिकाटणं.

तीन मिनिटं झाली. साहेबांचा चेहरा उजळला. “शाब्बास! मानलं तुम्हांला!” त्यांनी मास्तरांचा फॉर्म टेबलावर पसरला, पेन उघडलं. “आता फक्त हा एक शब्द खोडा. लगेच सही करतो.”

मास्तर पंखाकडे वळले. “कोण उतरू नका रे.”

“अहो, चाचणी संपली!”

“आमची नाय संपली.”

मला राहवलं नाही. खिशातला दुसरा फॉर्म काढून मी पुढे झालो. मास्तरांनी तो वाचला. वाचून परत माझ्याच हातात ठेवला. कांबळेने तो माझ्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या घोड्याच्या पायाखाली ठोकून बसवला. डुगडुग थांबली.

तास झाला. ऊन चढलं. सोळा माणसं पंखावर. खालून कोणी चहा आणला, तर साहेबच ओरडले, “चहा नको! वजन वाढेल!”

“प्यांदे ओ साहेब,” काकी वरून म्हणाल्या, “तेवढो घाम गेलो.”

साहेबांनी टाय सैल केला. मास्तरांजवळ येऊन हळूच म्हणाले, “पेडणेकर, माझी नोकरी आहे हो.”

“साहेब, तुमची नोकरी खोडा असा मी सांगत नाय. तुम्ही पण माझा काय खोडूक सांगू नका.”

दुसरा तास सरला तसे साहेब पंखापाशी गेले. वाकून मोकळं टोक किती झुकलंय ते पट्टीने मोजलं. पुन्हा मोजलं. दोन तासांत ते केसभरही उतरलं नव्हतं. टेबलाशी येऊन बसले, घड्याळात पाहिलं, फॉर्म जसा होता तसा पुढे ओढला आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं:

“तीन मिनिटांऐवजी दोन तास दहा मिनिटे भार दिला. पंख शाबूत. भार अद्याप उतरलेला नाही.”

आणि खाली सही केली.