फळीवरची बरणी

मोहिनीच्या माहेरी, मखमलाबादला, फुलशेती होती. लग्नानंतर ती पाथर्डी फाट्याजवळच्या दोन खोल्यांत आली. तिथे गॅलरीसुद्धा नव्हती, म्हणून तिनं घरातच झाडं लावली. खिडकीत मनीप्लँट, टीव्हीशेजारी स्नेक प्लँट, आणि लोणच्याच्या काचेच्या बरण्यांत माती, शेवाळ, नेचे लावून झाकण बंद केलेल्या छोट्या बागा. नवरा ज्ञानेश डायलिसिसवर होता तेव्हा त्याला दवाखान्यातून आणून निजवलं की ती बरण्यांपाशी जाऊन बसायची.

सासू सरुबाईंनी मुलाला आपली किडनी दिली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "घरात मातीची कुंडी नको. मातीत बुरशी असते, आणि ह्यांची प्रतिकारशक्ती आपण औषधांनी मुद्दाम कमी ठेवलीय."

मोहिनीनं एका दुपारी सगळं वाटून टाकलं. कुंड्या शेजारच्या शुभांगीनं नेल्या. एक बरणी मात्र हातातून सुटेना. झाकण घट्ट आहे, काही होत नाही, असं मनाशी म्हणत तिनं ती स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर डब्यांमागे ठेवली. दुपारी मायलेक झोपले की खाली काढायची, खिडकीतल्या उजेडात ठेवायची. एकदा आतलं पान सडलेलं दिसलं, म्हणून झाकण उघडून तिनं ते काढून टाकलं.

पुढच्याच आठवड्यात ज्ञानेशला ताप भरला. फुप्फुसात बुरशी निघाली आणि त्याला आयसीयूत हलवलं.

कपडे न्यायला मोहिनी घरी आली, तेव्हा तिनं बरणी काढून सरुबाईंसमोर ठेवली.

"आई, ही मी ठेवून घेतली होती. मध्ये उघडलीही होती."

सरुबाईंचा हात कुशीवरच्या टाक्यांकडे गेला.

"मी माझ्या अंगातलं काढून दिलं त्याला," त्या म्हणाल्या, "अन् तुला येक बरणी टाकवली नाय?"

मोहिनीनं बरणी पिशवीत बांधून घंटागाडीत टाकली. डॉक्टरांना विचारलं, ह्यामुळेच झालं का?

"असेल, नसेलही. बुरशी हवेतही असते. आता ते कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. त्यांनी रागावून 'हो' म्हटलं असतं, तरी तिला चाललं असतं.

ज्ञानेश वाचला. किडनी मात्र पूर्वीसारखी चालत नाही, आणि ती किती दिवस टिकेल हे डॉक्टर सांगत नाहीत. घरी आला तेव्हा भिंतीला टेकत कॉटपर्यंत पोचला, इकडेतिकडे बघून म्हणाला, "एखादं झाड तरी ठेवायचंस गं. घर कसंतरीच वाटतंय."

मोहिनी बोलणारच होती. सरुबाईंनी तिला आत हाक मारली.

"त्याला सांगू नको."

"मला नाही राहवत, आई."

"राहवून घे," सरुबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुझ्या हातनं गोळ्या घेतो तो. उद्या घेईल का?"

मग त्या गॅसकडे वळल्या आणि त्याच्यासाठी पेज ढवळू लागल्या. दिवसभर तिच्याशी पुन्हा बोलल्या नाहीत.