ठकूआयची टाच

डोळा लागतो तो असा, की आपण अजून जाग्याच आहोत असं प्रणालीला वाटत राहतं. पाठीखाली चटई आहे. वर टेबलाच्या फळ्या आहेत, फळ्यांना बारीक भोकं आहेत आणि एका भोकात अडकलेली टाचणी तिला स्वच्छ दिसतेय. भर दुपारचे दोन वाजलेत, पण खिडक्यांना काळं कापड ठोकलंय म्हणून शेडमध्ये दिवेलागणीसारखा उजेड आहे. पंखा थांबून बराच वेळ झाला. वीज कधी येईल ते कुणालाच ठाऊक नाही.

पेणमधल्या गणपतीच्या एका कारखान्याची ही मागची शेड. इथे तीन माणसं मिळून अकरा मिनिटांचा बाहुल्यांचा सिनेमा करतायत. बाहुल्या हलवते ती प्रणाली म्हात्रे, आणि सिनेमाही तिचाच. निनाद चौलकर कॅमेरा आणि दिवे बघतो. आत्ता तो कुठे जनरेटर मिळतो का ते बघायला गावात गेलाय. नसीमआपाने बाहुल्यांचे वीतभर कपडे शिवले, पुठ्ठ्याचा एसटी स्टँड उभा केला; ती जेवणाचे डबे घासायला मागच्या नळावर गेलीय. फेब्रुवारीपर्यंत माणसं चार होती.

चौथे बळीमास्तर. बळीराम ठाकूर चाळीस वर्षं गणपतीचे डोळे आखत होते. मुंबईतलं जाहिरातींचं काम सोडून प्रणाली पेणला परत आली आणि त्यांच्यासमोर जाऊन बसली, तेव्हा त्यांना बासष्टावं चालू होतं. बाहुली केसभर हलवायची, हात बाजूला घ्यायचा, फोटो काढायचा, परत केसभर हलवायची. सेकंदाला बारा वेळा. सगळं ऐकून घेऊन मास्तर म्हणाले होते, "म्हणजे आजवर मूर्ती हलू नये म्हणून जपलं, आता हलावी म्हणून जपायचं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला डबा घेऊन हजर.

ठकूआय त्यांनीच घडवली. नऊ इंच उंचीची, मिठागरात उभा जन्म काढलेली म्हातारी. सिनेमाच्या शेवटी तिची एकुलती एक लेक नर्सिंग शिकायला एसटीत बसून निघून जाते आणि ठकूआय एकटी घराकडे वळते. नऊ सेकंदांचा प्रसंग. या नऊ सेकंदांवरून मास्तर आणि प्रणाली दोन महिने भांडले. मास्तर म्हणायचे, ती मागे वळून बघणार नाही. प्रणाली म्हणायची, बघणारच. मग एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. "सापडलं गं. तुझंही चुकतंय आणि माझंही. उद्या आल्यावर करून दाखवतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

उरलेला सिनेमा प्रणालीने केला, आणि असा केला की मास्तरांचं काम कुठे थांबलं आणि तिचं कुठे सुरू झालं हे निनादलाही सांगता येत नाही. आपल्या हाताबद्दल तिला शंका नाही. अडलंय ते या नऊ सेकंदांपाशी. कालपासून दोनदा करून झालं. पहिल्यांदा ठकूआयने मान वळवली, खोटं वाटलं. दुसऱ्यांदा नाही वळवली. तेही खोटंच वाटलं, वर घोट्यातली तार तुटली. मास्तरांनी करून ठेवलेल्या पायांपैकी शेवटचा पाय आता बसवलाय. त्यातली तार फार तर एक खेप सोसेल. उद्या सकाळी शेड मोकळी करून द्यायची आहे. गणपतींच्या रंगकामाला जागा हवी, आणि कारखान्याचे मधुभाऊ तिच्यासाठी आधीच पंधरा दिवस थांबलेत.

टाचणी अजून दिसतेय. कुणीतरी ती बोटांच्या चिमटीत धरून हळूच काढून घेतं.

"ऊठ. गाडी लागायची वेळ झाली."

प्रणाली उठून बसते. डोकं फळीला आपटत नाही. फळ्या उंच गेल्यात, त्यांचं स्टँडचं छप्पर झालंय. ती बाकावर बसलीय, आणि बाकाच्या कडेला नसीमआपाने लावलेल्या डिंकाचा मनगटाएवढा जाड ओघळ सुकून पिवळा पडलाय. शेजारी बळीमास्तर आहेत. अर्ध्या बाह्यांचा सदरा, कानावर ब्रश. टाचणी ते सदऱ्याच्या खिशाला टोचून ठेवतात. त्यांना बघून तिला नवल वाटत नाही. राग येतो.

"आधी ते सांगा," ती म्हणते.

"काय?"

"तुम्हाला सापडलेलं. उद्या दाखवतो म्हणालात ते."

मास्तर कपाळ चोळतात. "विसरलो बघ."

"विसरलात?"

"अगं, मध्ये मी मेलो ना. त्या गडबडीत राहून गेलं."

"मास्तर, मी तीन महिने त्यावर डोकं फोडतेय."

"मग माझ्यापेक्षा तुलाच जास्त माहीत असणार," ते म्हणतात आणि उठून चालू लागतात.

ती मागोमाग जाते. स्टँडची भिंत संपते तिथे कारखान्याची पुढची शेड आहे. गणपतींच्या ओळीच्या ओळी बसल्यात, पांढऱ्याफटक, कुणालाच डोळे नाहीत. मास्तर त्यांच्यामधून चालताना एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत जातात, ओळखीच्या माणसांच्या पंगतीतून जावं तसे.

"यंदा आखणी कोण करतंय?"

"सुगंधा. तुमची सून."

"कसा आहे हात?"

प्रणाली खरं ते सांगते. "जरा जड आहे."

"होईल हलका. माझा दहा वर्षं जडच होता. कुणी बोललं नाही म्हणून टिकलो." ते थांबतात. "तूही काही बोलू नकोस तिला."

"नाही बोलणार."

एका मूर्तीपाशी घमेलं आहे, घमेल्यात ओला शाडू. मास्तर मनगटापर्यंत हात घालतात आणि माती मळू लागतात. कशासाठी ते तिला कळत नाही. तो आवाज मात्र ओळखीचा आहे. तो ऐकताना तिचा राग कुठल्या कुठे जातो आणि इतके दिवस न विचारलेलं ती विचारते.

"त्रास झाला का हो तुम्हाला?"

"चहा टाकायला उठलो होतो. दूध उतू चाललंय एवढं कळलं." ते माती उलटी करून दाबतात. "गॅस बंद केला का गं कुणी?"

"काकूंनी केला."

"मग झालं तर."

शेड लांबत जाते. गणपती मागे राहतात. तळपायाला चुरचुरतं म्हणून प्रणाली खाली बघते तर मीठ आहे, दूरवर चौकोन चौकोन पांढरे वाफे आहेत, आणि तिचे पाय तिचे नाहीत. सावळ्या रंगात रंगवलेले, नखांना बारीक कोरीव रेघा असलेले पाय. अंगावर ठकूआयचं हिरवं लुगडं आहे आणि काठावर नसीमआपाचे टाके दोरखंडाएवढे दिसतात. समोरून एसटी निघते. चाकांमागे धूळ उठते, ती कापसाची आहे. खिडकीतून एक हात बाहेर येतो, हलतो, थांबतो, परत हलतो.

प्रणालीला मान वळवता येत नाही. काहीच हलवता येत नाही. कुणी हलवेल तेव्हाच हलायचं आहे.

मास्तर तिच्या मागे मिठात उकिडवे बसतात. त्यांचे गुडघे कटकट वाजतात, नेहमी वाजायचे तसेच.

"वळवू मान?" ते विचारतात.

"नको."

"मग पाऊल टाकू? घराकडे?"

"थांबा. नको इतक्यात."

हे आपल्याला कसं माहीत, याचा तिला अचंबा वाटतो. पण माहीत आहे. अंगातला सगळा भार डाव्या टाचेत उतरलाय. ठकूआयला घरी जायचंय. कोंबड्या कोंडायच्यात, पाणी भरायचंय. ती रडत उभी राहणारी बाई नाही. तिने निघायचं ठरवलंयसुद्धा.

"टाच उचला," प्रणाली म्हणते.

मास्तरांची बोटं टाचेला लागतात. एका बाजूने अंगठा, दुसऱ्या बाजूने दोन बोटं. बोटांवरची माती गार आहे. टाच मिठावरून सुटते.

"आता?"

"आता परत ठेवा. होती तिथेच."

ते ठेवतात. इतकी हळू की मिठाचा खडा हलत नाही.

"मान?"

"मान नको. डोळे नकोत. तिला काही करायला लावू नका. नुसती उभी राहू द्या, मी सांगेपर्यंत."

दोघं थांबून राहतात. एसटी लहान होत होत वाफ्यांच्या कडेला जाते, मग नसतेच. कापूस खाली बसतो. मास्तरांचा श्वास तिला पाठीमागे ऐकू येतो आणि तो थांबू नये असं तिला फार वाटतं, पण ती तसं म्हणत नाही. ती भार तोलतेय. डाव्या टाचेतून तो जरासा सरकतो, उजव्या पायात येतो. पुरेसा आला की कळतं.

"आता चला," ती म्हणते.

पाऊल पडतं. एक. मग दुसरं. तिसऱ्या पावलाला बोटांचा स्पर्श लागत नाही, तरी पाऊल पडतं.

"हे माझं नव्हे हं," मागून मास्तर म्हणतात. "मला सापडलं होतं ते मानेबद्दलच काहीतरी होतं बहुतेक. टाचेचं मला सुचलंच नव्हतं."

"तुमचं काय होतं, आठवा ना."

"राहू दे. हे बरं आहे."

"मास्तर..."

"तार बघून वाकव," ते म्हणतात.

पंख्याचं पातं खडखडतं. एकाच वेळी चारही दिवे लागतात आणि टेबलाखाली लख्ख उजेड शिरतो. प्रणाली डोळ्यांवर हात घेते. वर फळ्या आहेत, हाताच्या अंतरावर.

"आली गं वीज!" नसीमआपा डबे निथळत दारातून आत येते. "झोपलीस होय? बरं केलंस." मग ती चटईपाशी थबकते. "पायाला काय लागलंय तुझ्या?"

प्रणाली पाय जवळ ओढून बघते. डाव्या टाचेला माती लागलीय. राखाडी, ओली, चकाकणारी. एका बाजूला अंगठ्याचा ठसा, दुसऱ्या बाजूला दोन बोटांचे.

या शेडमध्ये शाडू नाही. त्यांच्या बाहुल्या रबराच्या आहेत. पुढच्या शेडमधलं मातीकाम संपून महिना झाला, तिथली घमेली केव्हाच धुऊन पालथी घातलीत. हे दोघींनाही ठाऊक आहे. नसीमआपा खाली बसते आणि आपला अंगठा त्या ठशाजवळ नेते, टेकवत नाही. ठसा तिच्या अंगठ्याच्या दीडपट आहे. ती ओढणी डोक्यावर घेते आणि डबे फडताळात ठेवायला उठते.

निनाद हात हलवत परत येतो. जनरेटर मिळालेला नाही आणि आता लागणारही नाही. "काय करायचं?" तो विचारतो. "मान वळवायची की नाही वळवायची?"

"नाही वळवायची. पण थांबायचं," प्रणाली म्हणते. "एसटी दिसेनाशी झाली तरी लगेच चालायचं नाही. तू फोटो घेत राहा. मधेच काही हललं नाही असं वाटलं तरी मला विचारू नकोस."

ती टेबलाशी उभी राहते. डावी टाच जमिनीला टेकू न देता, चवड्यावर. ठकूआय पडू नये म्हणून टेबलाच्या भोकातून तिच्या उजव्या पावलात खालून टाचणी लावते, डावा पाय हातात घेते आणि टाच केसभर उचलते. बाजूला होते. निनाद फोटो घेतो. आणखी केसभर. फोटो. घोट्यातली तार बोटांना कुरकुरल्यासारखी लागते तेव्हा ती थांबते, वाकवण्याची जागा बदलते आणि पुढे जाते. घाई करत नाही. ठकूआय नुसती उभी आहे तेव्हाही तिला अगदीच स्थिर ठेवायचं नसतं. लुगड्याचा काठ जरासा, खांदा त्याहून जरासा. नुसतं उभं राहण्याचे ते एकवीस फोटो सगळ्यांत अवघड, आणि तेच घेताना प्रणालीला सगळ्यांत मोकळं वाटतं.

एकशे आठवा फोटो होतो तेव्हा सात वाजायला आलेत. तार टिकलीय.

निनाद सगळे फोटो जोडून पडद्यावर चालवतो. एसटी जाते. ठकूआयची टाच उचलली जाते, परत खाली येते. ती उभी राहते. मग चालू लागते. निनाद एकदा बघतो, परत चालवतो, तिसऱ्यांदा चालवतो.

"आता ही जाईल," नसीमआपा डोळे पुसत म्हणते. "कोंबड्या कोंडेल, जेवेल. तिची काळजी नाही."

काळी कापडं उतरवली जातात. संध्याकाळचा उजेड पुठ्ठ्याच्या स्टँडवर पडतो. निनाद दिवे आवरतो, नसीमआपा ठकूआयला तलम कापडात गुंडाळून डब्यात निजवते. प्रणाली दाराशी बसून सँडल घालायला घेते. टाचेवरची माती सुकून फिकी झालीय, पण बोटं अजून तशीच उमटलेली आहेत, अंगठ्याच्या रेघांसकट. सँडलचा पट्टा नेमका तिथूनच जातो. ती डावी सँडल पिशवीत टाकते आणि एक पाय अनवाणी ठेवून घरची वाट धरते. दिवसभर तापलेला रस्ता अजून गरम आहे.