आकड्यांचे कागद

सोमवारी सकाळी हे गेले. डॉक्टर आले, नाडी पाहिली, सही करून गेले. दुपारी नणंद अकोल्याहून अमरावतीला आली.

निवृत्तीनंतर यांनी परदेशातून ल्यूट मागवलं होतं. चारपाचशे वर्षांपूर्वी युरोपात घरोघरी वाजणारं हे वाद्य. पोट अर्ध्या टरबुजासारखं, मान मागे मोडलेली, तारा जोडीजोडीने. इथे शिकवणार कोण? टॅबलेटवर नवशिक्यांच्या सरावाचे कागद उतरवून ते एकटेच शिकले. रोज दुपारी एक लहानशी धून वाजवत. आतल्या खोलीत पुस्तक छातीवर ठेवून मी ती ऐकत असे, आणि शेवट येण्याआधीच मला डुलकी लागलेली असे. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

टॅबलेटचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. दुकानदाराने तो उघडून दिला, पण आतलं सगळं पुसलं गेलं. मला ती धून हवी होती. तेवढीच.

माझी ग्रंथालयात नोकरी झालेली, तेव्हा शोधणं आपल्याला जमतं असं वाटायचं. इंटरनेटवर नवशिक्यांचे संग्रह पुष्कळ मिळाले. या कागदांवर सूर लिहीत नाहीत. सहा रेघा म्हणजे तारांच्या सहा जोड्या, आणि रेघेवरचं अक्षर किंवा आकडा सांगतो की बोट कोणत्या पडद्यावर ठेवायचं. सगळ्यात वरची रेघ म्हणजे बारीक तार, हे यांनी एकदा दाखवलं होतं. त्या भरवशावर मी कित्येक महिने एकेक कागद छापून ल्यूटवर चाचपडत वाजवत राहिले. ऊन भिंतीवरून सरकत जाई, चहा गार होई, आणि मला वाटे, पुढच्या पानावर ती असेलच. अक्षरांचे कागद गोड वाजत, पण त्यांत ती नव्हती. आकड्यांचे कागद पाण्याखालून कोणी बोलावं तसे वाजत. ते मी बाजूला ठेवत गेले.

उन्हाळ्यात सगळा गठ्ठा आणि ल्यूट घेऊन नणंदेकडे गेले. ती सतार शिकवते. कूलरसमोर बसून मी आकड्यांचा एक कागद वाजवला.

"वहिनी, हे काय वाजवून राहिल्या? मांजर पडलं का विहिरीत?"

"लिहिलंय तसंच वाजवतेय."

तिने कागद ओढून घेतला आणि ल्यूटच्या पोटावर आडवा धरला.

"वाद्य मांडीवर घेतलं का वरती कोणती तार येते? जाडी. मंग कागदावर बी वरची रेघ जाडीच असन ना!"

"पण हे म्हणाले होते..."

"दादानं तुमाले अक्षरायचा कागद दाखवला असन. हे आकडे हायेत. उलटं वाजवून तं पाहा. जलमभर पुस्तकं सांभाळली अन् एक कागद वाचता येईना!"

तिचं बरोबर होतं. फ्रेंच पद्धतीत अक्षरं, इटालियन पद्धतीत आकडे, आणि दोन्हींतला रेघांचा क्रम एकमेकांच्या उलटा, हे मी नंतर वाचलं.

बाजूला ठेवलेले कागद पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतले. तिसऱ्या दिवशी दुपारी एका कागदाची पहिली ओळ अडखळत संपवली, तर नणंद पिठाच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. हीच ती, रोज दुपारची.  मी तीच ओळ पुन्हा वाजवली.

कागदावर धुनेला नाव नाही, नुसता सरावाचा क्रमांक आहे. ती एकूण चार ओळींची आहे. मला आता दोन येतात.