वरकुटेबाईंनी घेतलेलं नाव

वरकुटेबाई नवऱ्याचं नाव घेत नसत. यात काय मोठं, आमच्या भागातल्या निम्म्या बायका घेत नाहीत, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण वरकुटेबाईंचा नवरा सुटून चार वर्षं झाली होती. पंचांपुढं काडी मोडून दोघं मोकळे झाले होते, त्यानं दुसरी केलीही होती, आणि तरी त्याचा विषय निघाला की या आपल्या "शोभीचा बाप" एवढंच म्हणायच्या. शोभी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. "अहो, आता तरी घ्या की नाव, कोण विचारतंय?" असं मी म्हटलं की त्या म्हणायच्या, "जिभंला कुठं म्हाईत हाय काडी मोडलेली?" आणि हातातलं काम पुढं चालू.

'वरकुटे' हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बारामतीत एका खाजगी दवाखान्यात आया म्हणून लागल्या तेव्हा कंपाउंडरनं पूर्ण नाव विचारलं. "सोनाबाई," त्यांनी सांगितलं. "पुढं?" पुढं नवऱ्याचं नाव यायला हवं होतं, ते काही आलं नाही. कंपाउंडर कंटाळला. "बरं, गाव तरी?" गाव इंदापूर तालुक्यातलं वरकुटे. त्यानं तेच लिहून टाकलं आणि बाई जन्मभर वरकुटेबाई झाल्या. त्यांची हरकत नव्हती. उलट नवीन नाव फुकटात मिळालं, म्हणायच्या, हितं तेवढं एकच फुकट मिळालं.

हे मात्र खरं होतं. ती नव्वदच्या दशकाची पहिली वर्षं. बारामतीत एमआयडीसी वाढत होती, कॉलेजं वाढत होती, आणि लोकांनी गोठ्यावर पत्रा टाकून त्याला खोली म्हणायला सुरुवात केली होती. वरकुट्याहून आलेल्या बाईला कोथिंबीर विकत, पाणी विकत, सरपण विकत. या सगळ्याची त्यांना सवय झाली, पण राखेची झाली नाही. खोलीत रॉकेलचा स्टोव्ह, मग भांडी घासायला राख कुठून येणार? "राख बी इकत घ्यायची व्हय?" एवढं बोलून त्या अशा बसल्या की मला राहवेना. मी तेव्हा कन्हेरीच्या शाळेत शिक्षिका होते, रोज एसटीनं जायची. तिथल्या आमच्या चुलतीच्या चुलीतली राख पिशवीत भरून आणायला लागले. शिक्षिकाबाई राख घेऊन निघाल्या, म्हणून कंडक्टर हसायचा. बदल्यात वरकुटेबाई आमचीही भांडी घासायच्या, आणि नको म्हटलं तर ऐकायच्या नाहीत.

त्या आमच्याच घरामागच्या खोलीत राहत. कालव्यापलीकडं आमचं घर, मी आणि माझे वडील, तात्या, दोघंच. त्याआधी त्या सात-आठ ठिकाणी हिंडून आल्या होत्या. सगळीकडं पहिला प्रश्न, मालक काय करतात? त्यावर या गप्प. एकट्या, सोडलेल्या बाईला कोण खोली देतो! आमच्याकडं आल्या तेव्हा मीसुद्धा जरा कुरकुरले, खोटं कशाला सांगू. त्या धनगराच्या, आम्ही बौद्ध. उद्या यांचे भाऊबंद येऊन काही बोलले तर? तात्या एवढंच म्हणाले, "खोली न मिळणं म्हंजी काय असतं, त्ये आपल्याला कुणी शिकवायला नगं. राहू दे तिला."

भाऊबंद आलेच. त्यांचा भाऊ लोणी भापकरला वाटेकरी होता, तो बहिणीची चौकशी करायला आला आणि दारातच उभा राहिला. आत येईना, पाणी घेईना. वरकुटेबाईंनी चहा केला, आमच्याच कपात ओतला आणि त्याच्यापुढं धरला. आवाज चढवला नाही, काही नाही. "दादा, लई दमलीया मी. भांडायचं बळ न्हाय. च्या पी, न्हायतर परत येऊ नगंस." दादा बराच वेळ कपाकडं बघत राहिला आणि मग प्याला. पुढं तो आला की तात्यांबरोबर शेतीच्या गप्पा मारत तास तास बसायचा, उठता उठत नसे.

दमणं हा त्यांचा स्वभावच होऊन गेला होता. सकाळी भेटल्या तरी दमलेल्या, संध्याकाळी तर विचारूच नका. दवाखान्यात चादरी धुवायच्या, बाळंतिणींना उठवायचं-बसवायचं, फरशा पुसायच्या. पाय सुजलेले असायचे. मी म्हणायची, जा की इंदापूरला, तिथं खोल्या स्वस्त आहेत, मुलीचं गावही जवळ. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "इंदापुरात मला समदी वळखत्यात. बाजारात गेलं की म्हणायची, ही त्याची सोडल्याली. हितं कुणाला काय म्हाईत न्हाय. म्हाग हाय, पर डोक्यावरचा पदर नीट ऱ्हातोय." आणि वर, "शोभीला हायस्कूल बी हितं चांगलं हाय."

सगळा जीव त्या शोभीत अडकला होता. काडी मोडली तेव्हा पंचांनी ठरवून दिलं होतं की मुलगी सातवीपर्यंत बापाकडं राहील. वरकुट्यात शाळा तेवढीच होती. सातवी झाली आणि आई स्वतःच्या पायावर उभी असली, तर मुलगी आईची. त्या एका बोलीवर बाईंनी बारामती गाठली होती. सातवीच्या पुढं मुलगी तिथं राहिली तर काय होणार, हे त्यांना माहीत होतं. त्यांचं स्वतःचं तेराव्या वर्षी झालं होतं.

शोभीची सातवीची परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी वरकुट्याला जाऊन शाळेचा दाखला आणायचा, असं ठरलं. मला माझ्या वर्गाचे निकाल होते, म्हणून मी काही गेले नाही. "अर्ज द्यायचा, दाखला घ्यायचा, यायचं. इतकं सोपं आहे," मी म्हणाले. बाईंनी रजा टाकली, धुतलेलं लुगडं नेसल्या, पहिल्या गाडीनं गेल्या आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं परत आल्या. मी विचारलं, दाखला? त्या उंबऱ्यावर बसल्या.

हळूहळू कळलं ते असं. गुरुजींनी विचारलं, कुणाचा दाखला? या म्हणाल्या, शोभाचा. वर्गात तीन शोभा होत्या. गुरुजी म्हणाले, बापाचं नाव सांगा, मी लगेच काढून देतो. त्याच वेळी दारात शोभीची आजी, म्हणजे बाईंची सासू, दुसऱ्या नातवाचा निकाल घ्यायला येऊन उभी राहिली होती. तिच्यादेखत बाईंची जीभ हलेना. गुरुजींनी दोनदा विचारलं, मग बाकीच्या पालकांकडं वळले. दुपारी शाळेला कुलूप लागलं. आता उघडणार ती थेट जूनमध्ये.

मी भडकले. कधी नव्हे ती इतकी भडकले की तात्या आतून उठून आले. "एका नावापायी पोरीचं वाटोळं करायला निघालात! चार वर्षं चादरी धुतल्या त्या कशाला? कसली खुळचट रीत ही, आणि कुणासाठी पाळताय? ज्यानं हाकलून दिलं त्याच्यासाठी?" आणखीही काही बोलले, ते लिहायची लाज वाटते. चिठ्ठीवर नाव लिहून द्यायची साधी अक्कल मला, शिक्षिकेला, सुचली नव्हती, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. वरकुटेबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "व्हय, बाई," म्हणाल्या, "जिभंवर येत व्हतं. भाईर न्हाय आलं." आणि त्या आमची भांडी घासायला बसल्या.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात भाऊ आला. चहा समोर तसाच ठेवून म्हणाला, "सोना, शोभीची सुपारी फुटली. ह्याच महिन्यात लगीन हाय."

बाई दोन दिवस कामावर गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, मी पंचांकडं जाती. तात्या टोपी घालून निघालेच होते, पण त्यांनी हात जोडले. "तात्या, तुमी नगा. तुमी आला तर समदं बोलणं तुमच्या जातीवर जाईल आन् माझी पोरगी बाजूला ऱ्हाईल." तात्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. बाईंबरोबर मी गेले.

वरकुट्याच्या देवळापुढच्या पारावर पंच जमले. बायका अंतर ठेवून उभ्या, त्यांच्यात शोभी आणि तिची आजी. शोभीचा बाप खाली मान घालून पाराच्या कडेला बसलेला. दिसायला अगदी साधा, तुमच्या-माझ्यासारखा माणूस. सगळ्यांत म्हातारे पंच, त्यांना आबा म्हणत, ते समजुतीनं बोलले. "सोना, स्थळ चांगलं हाय. बागायत हाय. पोरीचं कल्याण व्हतंय तर आडवी का येतीस? तुला लग्नाला बोलावणारच व्हतो आमी."

वरकुटेबाई उभ्याच. बोलेनात. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. कुणीतरी खाकरलं, आबा उठायच्या बेतात आले.

"किसननं शब्द दिला व्हता," बाई म्हणाल्या.

सासूनं पदर तोंडाला लावला. "तुमच्या म्होरं दिला व्हता, आबा. सातवी झाली की पोरगी आईची. किसन भिवानं. ह्यो बसलाय त्यो किसन."

"आगं, नवऱ्याचं नाव घेती व्हय गं चारचौघांत?" सासू म्हणाली.

बाई तिच्याकडं वळल्या नाहीत. आबांनाच म्हणाल्या, "काडी तुमीच मोडली, आबा. मग मी नाव कुणाचं राखू?"

आबा किसनला म्हणाले, "शब्द दिला व्हता, ह्ये खरं हाय." किसननं खाली मान घालूनच पोरीला कपडे आणायला पाठवलं. संध्याकाळच्या गाडीत आम्ही तिघी बसलो, मी, बाई, आणि कपड्यांचं गाठोडं मांडीवर घेतलेली शोभी. इंदापूरच्या अलीकडं बाईंनी खिडकीतून बाहेर ओकारी काढली. "तोंड कडू झालंय," म्हणाल्या. शोभी आईजवळ बसली नाही, माझ्या पलीकडं बसली.

दाखला जूनमध्ये मी आणला. शोभी हायस्कूलला जाऊ लागली. इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण पोरगी आईवर रागावलेली होती. तेरा वर्षांची पोर ती, तिला नव्या साडीचं, हिरव्या चुड्याचं स्वप्न पडलेलं. आणि वर चारचौघांत बापाची मान खाली गेलेली तिनं बघितलेली. "तू नाव घेतलंस त्येंचं. समद्यांसमोर," असं एकदा ती आईला म्हणाली, ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. बाई म्हणाल्या, "व्हय. घेतलं." त्यापुढं दोघींचं बोलणं कामापुरतं. भाकरी वाढली, दप्तर भरलं, झोप. मी मध्ये पडायचा एकदा प्रयत्न केला तर बाई म्हणाल्या, "असू द्या. हितं हाय न्हवं ती? रागावून का हुईना, हितंच हाय."

शोभी दहावी झाली, चांगल्या मार्कांनी झाली, आणि पुण्याला नर्सिंगच्या कोर्सला गेली. तेव्हापासून वरकुटेबाई जास्तच थकल्या. कामावरून आल्या की आमच्या ओट्यावर बसायच्या, घरात जायचंही त्यांच्या जिवावर यायचं. मी चहा दिला की घ्यायच्या. दाखल्यावरून मी बोलले ते चुकलं, हे मला त्यांना सांगायचं होतं. ओट्यावर रोज संधी होती. पण आज त्या फार दमल्यात, उद्या बघू, असं करत वर्ष गेलं. खरं कारण हे नव्हतं. मला माफी मागायची सवय नाही, हे होतं.

एका दुपारी दवाखान्याच्या गच्चीवर चादरी वाळत घालताना त्या जरा टेकल्या. त्या टेकल्या त्या पुन्हा उठल्या नाहीत. मला शाळेत निरोप आला. तात्या माझ्या आधी पोचले होते आणि त्यांच्या उशाशी बसून होते.

दहाव्यानंतर शोभी खोली रिकामी करायला आली. रिकामं करण्यासारखं फार नव्हतं, दोन लुगडी, स्टोव्ह, चार भांडी. ती भांडी पोत्यात भरत होती, मी दारात उभी होते. भरता भरता ती थांबली.

"बाई, माझ्या वर्गातल्या बाकीच्या दोन शोभा होत्या ना, त्यांना आता दोन-दोन लेकरं आहेत," ती म्हणाली. "नववीत असतानाच मला कळलं होतं आईनं काय केलं ते. पण बोलायला जीभ उचलेना. म्हटलं, कोर्स होऊ दे, नोकरी लागू दे, पहिल्या पगाराची साडी नेईन आणि तेव्हा सांगेन."

ती पोत्याचं तोंड बांधायला लागली. सुतळीची गाठ बसेना, म्हणून मी खाली बसून धरलं.

"आता तुम्हालाच सांगते," ती म्हणाली. "ती बोलली म्हणून मी वाचले."

मी ऐकून घेतलं. माझंही सांगायचं राहिलेलं होतं, आणि त्या खोलीत आता वरकुटेबाईंची एवढी एक पोरगीच उरली होती. मी सुतळी सोडली, तिच्यापुढं हात जोडले आणि म्हणाले, "मी तुझ्या आईला फार बोलले होते गं. मी चुकले."